प्रभातच्या फाटकापाशी : शांता आपटे आणि बोलपटातील नोकरी

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकाचा इतिहास बहुधा कंपन्यांचा आणि दिग्दर्शकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्यात नटींचा उल्लेख येतो तो ‘लाभलेल्या’ कलावंतांचा म्हणून, जणू कॅमेरा आणि ध्वनियंत्र यांप्रमाणे त्याही कंपनीला लाभल्या होत्या. या रीतीने लिहिलेल्या इतिहासात जुलै 1939 मधील एक घटना नेहमी अडचणीची ठरते. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकापाशी त्या महिन्यात शांता आपटे या अवघ्या तेवीस वर्षांच्या, पण देशभर नावाजलेल्या अभिनेत्रीने उपोषण आरंभिले, आणि करार व पगार यांवरून मालकाशी झालेले आपले भांडण कचेरीच्या बंद खोलीतून काढून रस्त्यावर आणले. ही घटना पुढे किस्सा म्हणून सांगितली गेली, तऱ्हेवाईकपणाचा मासला म्हणून सांगितली गेली, आणि त्यांच्या गाजलेल्या ‘कुंकू’ या बोलपटातल्या करारी नीरेचा स्वभाव नटीच्या अंगात भिनला अशा शेऱ्यासहही सांगितली गेली. नोकरदाराने मालकाविरुद्ध केलेली तक्रार म्हणून मात्र तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले. प्रत्यक्षात ती आधी तक्रार होती आणि मग बाकीचे सारे.

पडद्यावर तरुण मुलीने उभे राहणे ही गोष्ट मराठी समाजाला किती अपरिचित होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या तक्रारीचे वजन कळणार नाही. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची सुमारे तेरा वर्षांची मुलगी कमला, म्हणजे पुढील काळातील कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. पण या मायलेकी रंगभूमीवर काम करून पोट भरणाऱ्या होत्या. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांनी त्यांच्याकडून काही धडा घेतला नाही. स्वतः फाळके यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये (1919) बाळकृष्णाची भूमिका आपल्या लहानग्या मंदाकिनीला दिली, ती मात्र घरचीच मुलगी आणि तीही मुलाच्या वेषात, म्हणून कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही.

शहरात ही स्थिती असेल तर खेड्यापाड्यांत वेगळे काही असण्याचे कारण नव्हते. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, हेदवीच्या पट्ट्यात, करमणुकीचा मुख्य प्रकार म्हणजे नमन. नमन किंवा खेळे या लोकनाट्यात आधी गण, म्हणजे गणेशाची स्तुती, मग गवळण आणि शेवटी वग असा क्रम असतो, आणि मृदंगाच्या साथीवर रात्रभर चालणाऱ्या या खेळातील राधा, गवळणी आणि मावशी ही सर्व पात्रे पुरुषच साडी नेसून रंगवीत. याच खेळातल्या संकासुराचा मुखवटा जसा, तशीच राधेची साडी, दोन्ही सोंगेच. ज्या चाकरमान्यांनी, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत आणि पेढ्यांत नोकरीसाठी गेलेल्या कोकणी माणसांनी, दाभोळ किंवा जयगडच्या बंदरातून आगबोट पकडून मुंबई गाठली, त्यांनी गिरगावातल्या चित्रपटगृहात जी पहिली बोलणारी आणि गाणारी राधा पाहिली ती गावाकडच्या सोंगापेक्षा निराळी होती. ती सोळा वर्षांची खरीखुरी मुलगी होती, आणि तिचे आडनाव आपटे होते.

आडनावाचा हा उल्लेख येथे जातीच्या अभिमानासाठी केलेला नाही. आपटे हे कोकणस्थ ब्राह्मणांतले आडनाव, आणि त्या समाजातल्या मुलीने आपले खरे नाव न बदलता, आईबापांची अब्रू झाकण्यासाठी एखादे टोपणनाव न घेता पडद्यावर यावे, ही त्या काळी बातमी होती. मूकपटांच्या काळात तारका म्हणून गाजलेल्या सुलोचना म्हणजे मूळच्या रूबी मायर्स, किंवा पेशन्स कूपर, या ज्यू वा अँग्लो-इंडियन समाजातून आलेल्या होत्या. मूकपटात भाषेची अडचण नसल्यामुळे त्यांचे चालूनही गेले. मार्च 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि हे चित्र पालटले. आता नटीला स्वच्छ हिंदी वा मराठी बोलता येणे भाग होते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाता येणे भाग होते, कारण पार्श्वगायनाची, म्हणजे एकाने गायचे आणि दुसऱ्याने ओठ हलवायचे ही सोय अजून रूढ झालेली नव्हती. फेब्रुवारी 1932 मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधून दुर्गा खोटे तारामती म्हणून आल्या. त्या मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातल्या आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या. त्यांच्या आगमनाने दार किलकिले झाले असे म्हणता येईल, पण त्यांच्यामागे शिक्षणाचे आणि घराण्याचे पाठबळ होते. शांता आपटे यांच्यापाशी होता तो गळा.

शांता आपटे यांचा जन्म 1916 साली सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोटजवळच्या दुधनी येथे झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. मुलीचा गळा लक्षात येताच तिला पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात रीतसर शिकवणी मिळाली. उत्सवांत, मेळ्यांत गाणारी ही मुलगी भालजी पेंढारकरांच्या नजरेस आली आणि 1932 च्या ‘श्यामसुंदर’मध्ये राधा झाली. हा बोलपट पुण्याच्या सरस्वती सिनेटोनने काढला होता. या कंपनीचे चालक दादासाहेब तोरणे हे मालवणकडचे, म्हणजे कोकणातलेच. श्रीकृष्ण झाला होता शाहू मोडक हा अहमदनगरकडचा ख्रिस्ती मुलगा. ख्रिस्ती कृष्ण आणि ब्राह्मण राधा ही जोडी प्रेक्षकांनी इतक्या कौतुकाने डोक्यावर घेतली की ‘श्यामसुंदर’ मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. सोळाव्या वर्षी मिळालेले हे यश घरात आले तेव्हा त्याचा कारभार थोरले बंधू बाबूराव यांच्या हाती गेला. करार, मानधन, भेटीगाठी हे सारे तेच पाहत, आणि घरची शिस्त कडक होती. तरुण नटीच्या कमाईवर आणि दिनक्रमावर घरातील पुरुषाचा असा ताबा असणे ही त्या काळात केवळ आपल्याकडची रीत नव्हती. अमेरिकेत हॉलिवूडच्या बालतारकांचे आईबापही हेच करीत.

येथे प्रभात कंपनीच्या व्यवस्थेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण 1939 च्या भांडणाचे मूळ तिच्यात आहे. प्रभातची स्थापना 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर हे कसबी लोक आणि भांडवल घालणारे सीताराम कुलकर्णी असे पाच भागीदार तिचे मालक होते. 1933 मध्ये कंपनी पुण्यास आली आणि एरंडवण्याच्या टेकडीच्या पायथ्याशी तिने स्टुडिओ उभारला. चित्रणाचे भव्य दालन, रसायनशाळा, सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम, बाहेरच्या दृश्यांसाठी झाडी आणि तळे हे सर्व एका कुंपणाच्या आत असलेला तो एक कारखानाच होता. कारखान्याप्रमाणेच तेथे माणसे महिन्याच्या पगारावर असत, आणि तो नियम सुतारापासून नायिकेपर्यंत सर्वांना लागू होता. आज जसे एका चित्रपटाचे एक मानधन ठरवून नट एकाच वेळी चार ठिकाणी काम करतो, तसे तेव्हा नव्हते. नट काही वर्षांच्या कराराने कंपनीला बांधलेला असे. त्या मुदतीत त्याने दुसऱ्या कोणाकडे काम करावयाचे नाही, भूमिका कोणती करावयाची ते कंपनी ठरवणार, आणि काम असो वा नसो, ठरल्या वेळी हजर राहावयाचे. या शिस्तीनेच प्रभातचे चित्रपट घोटीव झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पगार दरमहा मिळत असे, ही गोष्टही त्या अस्थिर धंद्यात लहान नव्हती.

प्रभातने पुण्यात काढलेल्या पहिल्या मोठ्या बोलपटात, ‘अमृतमंथन’मध्ये (1934), शांता आपटे सुमित्रा झाल्या. बळी देण्याची प्रथा बंद करणारा राजा आणि ती टिकवण्यासाठी कारस्थान रचणारा राजगुरू यांची ही कथा प्रेक्षकांच्या ध्यानात राहिली ती चंद्रमोहन यांच्या डोळ्यांमुळे, कारण शांताराम यांनी दूरभिंगाने तो एक डोळाच पडदाभर दाखवला होता. पण गाणी शांताबाईंची होती. त्या काळचे गाणारे नट गाणे आले की रंगभूमीवरच्यासारखे एका जागी खिळून उभे राहत आणि आलाप संपेपर्यंत कथा थांबून राही. शांता आपटे गाताना हात हलवीत, मान वेळावीत, डोळ्यांनी बोलत, चालता चालता गात. गाणे म्हणजे नाटकातले पद नसून संवादाचाच पुढला भाग आहे असे त्यांच्या गाण्यातून प्रथम जाणवले. संगीतकार केशवराव भोळे यांना हा गुण नेमका उमगला होता आणि त्यांच्या चालींनी त्याला वाव दिला. पुढे 1936 मध्ये ‘रजपूत रमणी’ आणि ‘अमरज्योती’ आले. ‘अमरज्योती’त दुर्गा खोटे समुद्रावर लूट करणाऱ्या सौदामिनीच्या भूमिकेत होत्या आणि शांता आपटे राजकन्या नंदिनीच्या, सूड घेणारी बाई आणि तिच्या हाती सापडलेली मुलगी यांच्या त्या जोडीत धाकटीचा वाटा गाण्याचा आणि कोवळेपणाचाच राहिला. अभिनेत्री म्हणून त्यांची खरी परीक्षा अजून व्हायची होती.

ती झाली 1937 मध्ये. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने आली. विषय बाला-जरठ विवाहाचा, म्हणजे तरुण मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या चालीचा. हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने 1899 पासून तो रंगभूमीवर घोळवला होता. परंतु ‘शारदा’त लग्न ऐन वेळी मोडते, कारण वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते; म्हणजे मुलगी सुटते ती धर्मशास्त्राच्या एका तांत्रिक अडचणीमुळे. ‘कुंकू’त लग्न लागून जाते. नाटक जेथे सुटकेचा नि:श्वास टाकून थांबते तेथून चित्रपट सुरू होतो, आणि अडतीस वर्षांत मराठी समाजाचा प्रश्न किती पुढे सरकला होता याचे हे मोजमाप आहे. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा 1929 मध्ये होऊन गेला होता. तेव्हा आता प्रश्न वयाचा उरला नव्हता, संमतीचा होता.

मामाने फसवून एका वयस्क वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा सासरी येते आणि हे लग्न आपल्याला मान्य नाही असे ठरवते. ती पळून जात नाही, जीव देत नाही, नवऱ्याला शिव्याही देत नाही. ती फक्त बायको होण्यास नकार देते. खोलीचे दार आतून लावून घेण्याची ती कृती, आणि दाराबाहेर ताटकळणारे केशवराव दाते यांचे काकासाहेब, हे दृश्य चित्रपटाचा गाभा आहे. काकासाहेब दुष्ट नाहीत. ते आरशासमोर बसून पिकल्या केसांचा बंदोबस्त करतात तेव्हा प्रेक्षक हसतो आणि लगेच त्याला हसल्याची लाज वाटते, इतके दात्यांचे काम संयमी होते. घरातले लंबकाचे घड्याळ टिकटिकत राहते आणि म्हाताऱ्याचे उरलेले आयुष्य मोजते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जी वस्तू आहे तिचाच आवाज ऐकू येतो, आणि त्या शांततेमुळे नीरेचा प्रत्येक शब्द दुप्पट जोराने लागतो. वयाने मोठा असलेला सावत्र मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा ती छडी उचलते आणि त्याला झोडपते. हा मार तिने ‘आई’ या नात्याने दिलेला असतो, ही त्यातली खोच. बायकोचा अधिकार तिने नाकारला आहे, आईचा मात्र हक्काने वापरला आहे.

याच चित्रपटात शांता आपटे यांनी लाँगफेलो या अमेरिकी कवीची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही कविता इंग्रजीतून गायली. मराठी बोलपटात इंग्रजी कविता ही आजही विचित्र वाटणारी कल्पना. पण नीरा ही शिकलेली मुलगी आहे आणि तिच्या बंडामागे तिचे वाचन आहे, हे दाखवण्यास तिच्याइतके सोपे साधन दुसरे नव्हते. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी सुशीला हिच्या भूमिकेत शकुंतला परांजपे होत्या. त्यांचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, आणि जवळच्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांना 1893 मध्ये विधवेशी लग्न केल्याबद्दल गावाने वाळीत टाकले होते. कोकणातल्या दोन शेजारगावांतून निघून पुण्यास पोहोचलेली सुधारणेची ही परंपरा अशी एका चित्रपटाच्या चौकटीत येऊन बसली. शकुंतलाबाई स्वतः केंब्रिजला शिकलेल्या आणि संततिनियमनाच्या प्रचारक. त्यांना सुशीलेचे सोंग घ्यावे लागले नाही. शेवटी काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो आणि नीरेला मोकळे करण्यासाठी ते स्वतःच मरण पत्करतात. नकार देणाऱ्या मुलीची सुटका पुन्हा एकदा म्हाताऱ्याच्या चांगुलपणावर सोपवली गेली, हा ‘कुंकू’चा दुबळेपणा, पण तो पटकथेचा आहे, नीरेच्या अभिनयाचा नाही. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाला शेवट विसरायला होतो आणि लावलेले दार आठवते.

‘कुंकू’ने शांता आपटे यांना एका वर्षात देशभराची ओळख दिली. त्यानंतर ‘वहाँ’ (1937) आणि दामले-फत्तेलाल यांचा ‘गोपालकृष्ण’ (1938) आला. ‘गोपालकृष्ण’मध्ये राम मराठे कृष्ण होते आणि शांताबाई पुन्हा राधा. नीरेनंतर पुन्हा राधा! हा क्रम बोलका आहे. 1939 मध्ये शांताराम यांनी ‘माणूस’ काढला आणि त्यातली मैनेची, पोलीस शिपायाच्या प्रेमात पडणाऱ्या वेश्येची, अवघड व मोठी भूमिका शांता हुबळीकर यांना मिळाली. भूमिकेची निवड दिग्दर्शकाने करावी हे योग्यच, आणि हुबळीकरांनी तिचे सोनेही केले. परंतु करारामुळे बाहेर जाता येत नाही आणि आत मनाजोगे काम नाही, अशा अवस्थेतल्या नटीला आपल्या उमेदीच्या वर्षांचा हिशेब सुचला तर त्यात नवल नाही. गाणाऱ्या नायिकेच्या कारकिर्दीला फार तर दहा-बारा वर्षे मिळत, हे त्या धंद्यात सर्वांना ठाऊक होते.

हा पेच पुण्यापुरता नव्हता. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या नटनट्यांना सात वर्षांच्या कराराने बांधीत. दिलेली भूमिका नाकारली की कंपनी त्यांना बिनपगारी ठेवी आणि ते बिनपगारी महिने कराराच्या मुदतीत वरून जोडी, त्यामुळे सात वर्षे कधी संपतच नसत. बेटी डेव्हिस या अभिनेत्रीने 1936 मध्ये कंटाळून इंग्लंड गाठले, तर वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तिला लंडनच्या न्यायालयात खेचले आणि खटला जिंकला. ऑलिव्हिया डी हॅविलंड हिने त्याच कंपनीविरुद्ध 1943 मध्ये दावा लावला आणि 1944 च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे असा निर्णय देऊन ती पद्धत मोडली. या दोन खटल्यांच्या मधोमध, 1939 मध्ये, पुण्यातले उपोषण येते. अमेरिकेतील नट्यांच्या हाती वकील, कामगारविषयक कायदा आणि नटांची संघटना होती. येथे नटाला कामगार मानावे की नाही हाच प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मग हाती उरले ते ज्या साधनाचा महिमा पुण्याला सर्वांत चांगला ठाऊक होता तेच.

1932 च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात केलेल्या उपोषणाने सारा देश हलला होता, आणि 1939 च्याच मार्चमध्ये राजकोटला त्यांनी पुन्हा उपवास केला होता. उपोषण म्हणजे संस्थानिकाला, सरकारला किंवा समाजाला जाब विचारण्याची रीत, हे सर्वांच्या अंगवळणी पडले होते. चित्रपट कंपनी या यादीत बसत नव्हती. शांता आपटे यांनी ती बसवली. प्रभातच्या फाटकापाशी त्यांनी ठाण मांडले तेव्हा त्या एका अर्थी कंपनीला संस्थानाचा मान देत होत्या आणि दुसऱ्या अर्थी तिची जागा दाखवून देत होत्या. ज्या फाटकातून रोज सकाळी कामगार आत जात, त्याच फाटकाबाहेर कंपनीच्या जाहिरातीवरचा चेहरा उपाशी बसला होता. उपोषण फार दिवस लांबले नाही आणि त्यातून करारांची पद्धत बदलली असेही नाही. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या, एवढा त्याचा प्रत्यक्ष परिणाम.

वृत्तपत्रांनी मात्र प्रकरण उचलून धरले, आणि त्यात चित्रपटविषयक नियतकालिकांचा रस अधिक होता. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ने तेव्हा तिखट, टवाळ आणि पुष्कळदा बोचऱ्या लिखाणाचा पायंडा पाडला होता. शांता आपटे यांनी एका मजकुराने चिडून याच पटेलांच्या कचेरीत जाऊन छडी उगारली, अशी कथा आजही सांगितली जाते. ती दंतकथेच्या अंगानेच हाताळावी हे बरे, कारण तिच्यातली छडी संशयास्पद आहे. ती सरळ ‘कुंकू’मधून उचललेली दिसते. लोकांना नीरा हवी होती आणि त्यांनी ती जिवंत नटीत शोधली. परिणाम असा झाला की पगार आणि करार हे रूक्ष विषय मागे पडले आणि ‘मोठी फटकळ बाई’ हा शेरा पुढे आला. पुरुष नटाने मालकाशी हिशेब केला की तो व्यवहारी ठरतो. तेच बाईने केले की तिच्या स्वभावाची चर्चा होते, हा भेद त्या काळात होता आणि तो पुरता गेला आहे असे म्हणण्याचे धाडस करवत नाही.

या शेऱ्याला शांता आपटे यांनी दिलेले उत्तर छापील आहे, आणि ते विसरले जाणे हे मराठी वाचकांचे नुकसान आहे. 1940 मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक निघाले. शीर्षकातला प्रश्न त्या काळच्या असंख्य तरुण-तरुणींचा होता; घरातून पळून स्टुडिओच्या फाटकाशी येणाऱ्या मुलामुलींच्या कथा सर्वत्र ऐकू येत. असे पुस्तक एखाद्या तारकेने लिहिले म्हणजे त्यात आठवणी, कौतुके आणि उपदेश असावयाचे, ही अपेक्षा येथे पूर्ण होत नाही. चित्रपट हा धंदा कोणाच्या श्रमावर चालतो, त्यातला नफा कोणाकडे जातो, राबणाऱ्याच्या शरीरावर आणि मनावर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार त्यांनी मांडला. चोवीस वर्षांच्या, शाळेपेक्षा गाण्याच्या शिकवणीत अधिक काळ घालवलेल्या मुलीने स्वतःला कलावंत म्हणवून न थांबता श्रम करणारी म्हणून ओळखणे, हे 1940 च्या मराठीत अपूर्वच म्हटले पाहिजे. दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ आणि हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ ही नटींची आत्मकथने पुढे गाजली आणि वाचलीही गेली. त्यांच्या कित्येक वर्षे आधी लिहिलेले हे छोटे पुस्तक आत्मकथन नाही, आणि बहुधा त्यामुळेच मागे राहिले. नटीने आपले दु:ख सांगितलेले वाचकाला चालते, धंद्याची चिरफाड केलेली तितकीशी नाही.

प्रभातनंतरची कारकीर्द लांब आहे, पण तिच्यात ‘कुंकू’ पुन्हा झाला नाही. 1941 मध्ये ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्या सावित्री झाल्या, त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची होती. या कामासाठी शांताबाईंनी तमिळ शिकून घेतली असे सांगतात. 1942 मध्ये लाहोरच्या पंचोली कंपनीचा ‘जमीनदार’ आला. महाराष्ट्राबाहेर, दक्षिणेत आणि पंजाबात, अशी मागणी असलेल्या त्या पहिल्या पिढीतल्या मराठी नायिका होत. 1946 च्या मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’त त्यांच्याबरोबर एक कोवळी मुलगी गायली आणि पडद्यावरही दिसली. तिचे नाव लता मंगेशकर. तीन वर्षांच्या आत हीच मुलगी पडद्यामागून सगळ्या नायिकांसाठी गाऊ लागली, पार्श्वगायन हा स्वतंत्र व्यवसाय झाला, आणि नायिकेला गाता येण्याची गरज संपली. ज्या कौशल्याच्या बळावर शांता आपटे पडद्यावर आल्या होत्या ते कौशल्य धंद्यालाच नकोसे झाले. ‘शिलंगणाचे सोने’, ‘जागा भाड्याने देणे आहे’ (दोन्ही 1949), ‘कुंकवाचा धनी’ (1951), ‘ताई तेलीण’ (1953) अशी मराठी कामे होत राहिली. पुढे पौराणिक हिंदी चित्रपटांतल्या दुय्यम भूमिका आल्या.

प्रभातचेही दिवस फिरले होते. शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले, त्यानंतर कंपनी खालावत गेली, आणि तिच्या स्टुडिओच्या जागेत 1960 मध्ये सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था उघडली. 1964 च्या फेब्रुवारीत पुण्यात जुने चित्रपट जतन करण्यासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याच महिन्याच्या 24 तारखेला मुंबईत, अंधेरीला, शांता आपटे यांचे निधन झाले. तेव्हा त्या पन्नाशीलाही पोहोचल्या नव्हत्या.